मोर्चाचं सामान: शाखेच्या वर्गणीतून काय घ्यावं, काय घेऊ नये

मी सिन्नर तालुक्यातली अंगणवाडी सेविका, आणि संघटनेच्या तालुका शाखेचं काम बघते. गेल्या काही वर्षांत शाखेच्या वर्गणीतून आम्ही मोर्चासाठी म्हणून बरंच सामान घेतलं. पायातलं, पाण्याच्या बाटल्या, बस्करं, हातमाइक, बॅनर, एक घडीचा तंबू आणि बाकी बारीकसारीक. इतर तालुक्यांतल्या ताया फोन करून विचारतात, काय घेऊ, कितीचं पडतं, टिकतं का. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं म्हणून हे. दुकानांची नावं देत नाही. ह्या वस्तू नाशिकच्या घाऊक बाजारात पाच-सहा ठिकाणी मिळतात आणि दर हंगामाला माल बदलतो. त्यामुळे वस्तू कशी पारखून घ्यायची तेवढं सांगते.

माझी कसोटी एकच आहे. ती वस्तू जवळ असल्यामुळे आपली बाई दुपारी चार वाजता मैदानात बसलेली होती का?

चारच का, ते मोर्चाला जाऊन आलेल्यांना माहीत आहे. मुंबईत आता मोर्चा मंत्रालयापर्यंत जात नाही. पूर्वी काळा घोड्यापर्यंत तरी जायचा. १९९७च्या उच्च न्यायालयाच्या आदेशापासून दक्षिण मुंबईतलं आंदोलन आझाद मैदानाच्या राखीव भागातच करावं लागतं. सकाळी भाषणं होतात, घोषणा होतात, मग दुपारी कधीतरी मंत्रालयातून निरोप येतो आणि शिष्टमंडळ जातं. तिथे ताटकळत बसावं लागतं. मग चर्चा. शिष्टमंडळ परत येईपर्यंत चार, कधी पाच वाजतात. त्यानंतर मंचावरून सांगतात की सरकार एवढं म्हणतंय, मान्य आहे का? तो प्रश्न रिकाम्या मैदानाला विचारावा लागला तर पुढच्या बैठकीत आपल्या नेत्यांच्या शब्दाला वजन राहत नाही. मंत्रालयातले लोक मैदानात किती माणसं टिकून आहेत याची खबर तासातासाला घेत असतात. आणि आमच्या भागातल्या बायांना संध्याकाळी सव्वासहाची पंचवटी एक्सप्रेस गाठायची असते, म्हणजे अर्धं लक्ष घड्याळाकडे. अशात कुणाला चक्कर आली, कुणाचे पाय सुजले, की तिच्याबरोबर अजून दोघी उठतात आणि स्टेशनच्या सावलीत जाऊन बसतात. मोर्चा असा कडेकडेने विरत जातो.

पायांपासून सुरुवात करते. मार्च २०१८मध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून निघाला, तेव्हा सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडच्या आदिवासी बाया साध्या चपलांवर, काही तर अनवाणी, जवळजवळ १८० किलोमीटर चालत मुंबईला गेल्या. ६ मार्चला निघाल्या, ११ला मुंबईत सोमय्या मैदानावर पोचल्या, आणि दुसऱ्या दिवशी दहावीच्या पोरांचा पेपर आहे म्हणून विश्रांती न घेता रातोरात आझाद मैदान गाठलं. त्यांच्या सोललेल्या तळव्यांचे फोटो सगळ्या देशाने पाहिले. मुंबईकरांनी वाटेत पाणी, बिस्किटं आणि चपलांचे जोड आणून दिले. त्या बायांपुढे मी हात जोडते. पण ते फोटो पाहिल्यापासून मला वाटतं की आपल्या संघटनेच्या एकाही बाईवर अशी वेळ येऊ नये. सोसायचंच असेल तर मागण्यांसाठी सोसावं, चपलेपायी का?

शाखेने पहिल्यांदा पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले. शाळेत पोरं पीटीला घालतात तेच. घाऊकमध्ये तीनशेच्या आत जोड पडला. दिसायला छान, सगळ्या एका रांगेत चालल्या की शिस्त दिसते. पण ते आमच्या बायांना चालले नाहीत, आणि त्याचं कारण दुकानात कुणाच्या लक्षात येत नाही. जोडवी. पायात जोडवी असली की बंद बुटात शेजारच्या बोटाला घासून फोड येतो, आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावरच्या मोर्चासारखं दोन-तीन किलोमीटर चालायचं असेल तर तो फुटतोच. जोडवी काढून ठेवा असं सांगणं सोपं आहे, पण साठीला आलेल्या मदतनीस ताईंना ते पटत नाही, आणि त्यांच्यावर जबरदस्ती करायचा आपल्याला काही अधिकार नाही. शिवाय त्या स्वस्त बुटांचा तळ चिकटवलेला होता. डांबर तापलं की टाचेकडून सुटायला लागला.

त्यापेक्षा मागे पट्टा असलेली, पुढून रुंद आणि उघडी बेल्टची सँडल कितीतरी बरी. पट्टा वेल्क्रोचा नको, बकलचा घ्या. वेल्क्रो धुळीने निकामी होतो आणि ऐन गर्दीत सुटतो. तळ हाताने वाकवून बघा. मधोमध दुमडला तर ठेवून द्या, बोटांच्या मुळाशी वाकला तर घ्या. संध्याकाळी खरेदीला जा, कारण दिवसभर उभं राहून पाय जेवढा फुगतो त्या मापाचीच सँडल मोर्चात कामाला येते. नवी सँडल आठवडाभर अंगणवाडीत घालून फिरावं. मोर्चाच्या दिवशी कोरी चप्पल घालणारीला मी दरवेळी सांगून दमते. टाचांना भेगा असतील तर आदल्या रात्री कोकमतेल लावून सुती मोजे घालून झोपावं.

चांगली सँडल पाचशे-सहाशेला पडते. २०२३च्या डिसेंबरपासून आपला बावन्न दिवसांचा संप झाला, तेव्हा सेविकेला १०,००० आणि मदतनिसाला ५,५०० रुपये मानधन होतं. साडेपाच हजारांतून सहाशे रुपये पायात घालणं म्हणजे घरातलं काहीतरी अडतं. म्हणून आम्ही मदतनिसांचे अर्धे पैसे शाखेतून दिले. फ्लेक्सवर आणि हारतुऱ्यांवर जो खर्च होतो त्यातून हे सहज निघतं. माझ्या मते शाखेने पहिला रुपया इथेच खर्च करावा.

आता पाणी. याबद्दल सगळ्यात मोकळेपणाने बोललं पाहिजे, कारण सभेत कुणी बोलत नाही. मोर्चात बायांना चक्कर येते ती नुसत्या उन्हाने नाही. त्या पहाटेपासून पाणीच पीत नाहीत. लघवीला कुठे जायचं, ही धास्ती. एका मदतनीस ताईंनी मला सांगितलं, "पाणी प्यायलं की उठावं लागतं, आणि उठलं की रांगेत तासभर जातो. त्यापेक्षा कोरडंच बरं." पहाटे चारला घर सोडून रात्री अकराला परत येईपर्यंत त्या दोन घोटांवर होत्या. बीपीची गोळीही पाण्यावाचून राहून गेलेली. असं जिथे होतं तिथे बाटल्या वाटून काही उपयोग नाही. आधी जाण्याची सोय करायची, मगच पाणी प्या म्हणायचं.

आम्ही घेतलेल्या सगळ्या सामानात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो घडीचा तंबू. एका माणसाला आत उभं राहता येईल एवढा उंच, चौकोनी, बाजूला चेन. पिशवीतून काढला की आपोआप उघडतो. ऑनलाइन दीड-दोन हजारांना मिळतो. लोक तो सहलीला कपडे बदलायला नेतात. आम्ही तो गाडी थांबते तिथे आडोशाला वापरतो. बस किंवा टेम्पो करून जाताना हायवेवर जिथे धड संडास नाही, तिथे रस्त्यापासून आत, झाडाच्या कडेला तंबू उभा केला की दहा मिनिटांत सगळ्यांचं उरकतं. पूर्वी चौघीजणी चादरी धरून उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांच्या नजरा झेलायच्या. ते थांबलं. मैदानात त्याचा उपयोग वेगळा. तिथे महापालिकेचे फिरते संडास असतात, म्हणून तंबू पॅड बदलायला आणि अंगावर पिणारं बाळ घेऊन आलेल्या पोरींना दूध पाजायला. तरुण मदतनीस आता मोर्चाला यायला तयार होतात, त्यात या तंबूचा वाटा मोठा आहे.

तो घेताना तीन गोष्टी बघायच्या. पहिली, कापडाचा रंग. आमचा पहिला तंबू फिकट हिरवा होता आणि उन्हात आतल्या बाईची सावली बाहेरून दिसायची. दुकानाच्या फोटोत हे कळत नाही. तो आम्ही परत पाठवला, आणि पैसे परत मिळायला महिना लागला. गडद निळा किंवा आतून चंदेरी थर असलेलाच घ्या आणि घरी अंगणात, भर उन्हात, कुणालातरी आत उभं करून बघा. दुसरी, वारा. सोबत मिळणारे लोखंडी खिळे आझाद मैदानाच्या टणक जमिनीत जात नाहीत. चारी कोपऱ्यांच्या फितींना पाण्याने भरलेले पाच लिटरचे कॅन बांधायचे. तिसरी, घडी घालणं. उघडायला क्षण लागतो, मिटायला मात्र शिकावं लागतं. तारेची कडी आठच्या आकड्यात पिळून एकावर एक आणायची असते. दोघींना आधी सराव करून ठेवा, नाहीतर संध्याकाळी गाडी सुटायच्या घाईत तो कुणाच्याच्याने मिटत नाही.

तंबूबरोबर एक बादली, मग, साबण, जुन्या वर्तमानपत्रांच्या पुड्या, पॅड आणि कचऱ्याच्या काळ्या पिशव्या एका वेगळ्या थैलीत असतात. ती थैली कुणाकडे आहे ते प्रत्येकीला माहीत असायला हवं, म्हणजे विचारत फिरावं लागत नाही. सीएसएमटीला उतरल्यावर मैदानात जायच्या आधीच, लांब पल्ल्याच्या फलाटांकडच्या स्वच्छतागृहात सगळ्यांनी एकदा जाऊन यायचं, हा आमचा नियम. पंचवटीने पोचलं की पावणेअकरा-अकरा झालेले असतात, तेव्हा तिथे रांग कमी असते. मुंबईत बायांना मुतारी फुकट आणि स्वच्छ मिळावी म्हणून २०११पासून 'राइट टू पी' ही मोहीम चालली. ती चालवणाऱ्या बाया आपल्यासारख्याच वस्त्यांमधल्या होत्या. आपल्या संघटनेनेही परवानगीचा अर्ज देताना महिलांसाठी फिरत्या संडासांची मागणी लेखी करावी, आकडा घालून करावी आणि पोच घ्यावी.

सोय झाली की मग पाणी. स्टीलची बाटली घेऊ नका. जड होते, आणि उन्हात तापते. एक लिटरची, रुंद तोंडाची, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेली प्लॅस्टिकची बाटली पुरते. तिच्यावर कायमच्या शाईने नाव लिहा. शिवाय दहा जणींमागे नळ असलेला एक वीस लिटरचा कॅन, टेम्पो असेल तर. ओआरएसच्या पुड्यांबद्दल आपल्याला कुणी शिकवायला नको, आपणच गावात आयांना शिकवतो. साडेवीस ग्रॅमची पुडी, एक लिटर पाणी, अर्ध्या पाण्यात अर्धी पुडी असं करायचं नाही. मात्र एक सांगते. दुकानात फळांच्या चवीचे गोड डबे ओआरएस म्हणून विकले जायचे. ऑक्टोबर २०२५मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावात तो शब्द वापरायला बंदी केली. तरी जुन्या सवयीने कुणी तेच आणून देतं. मधुमेह असलेल्या ताईला ते पाजू नका. औषधाच्या दुकानातून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची, तसं छापलेली पुडीच घ्या. आणि ज्यांना बीपी आहे त्यांनीही दिवसभर तेच पीत बसू नये, त्यात मीठ असतं. साधं पाणी, आणि घाम खूप आला तर एखाद-दुसरा पेला.

बसायला बस्कर. हे बाजारातून आणू नका. आम्ही फोमच्या घडीच्या चटया घेऊन पाहिल्या, दोन मोर्चांत त्यांचे तुकडे पडले आणि मैदानात कचरा झाला. आता जुन्या साडीचे चार पदर आणि खाली सिमेंटच्या रिकाम्या गोणीचं कापड असं शिवून घेतो. ओल वर येत नाही, धुतलं की साफ, गुंडाळून पिशवीत मावतं. गावातल्या शिलाईवाल्या ताईला तीस रुपये दिले की झालं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मात्र प्लॅस्टिकचे घडीचे छोटे स्टूल घेतले आहेत. ते मजबूत निघाले. जमिनीवर बसून उठता येत नाही म्हणून घरी राहणाऱ्या जुन्या कार्यकर्त्या त्यांच्यामुळे परत येऊ लागल्या, आणि त्यांच्याइतक्या घोषणा कुणाला पाठ नाहीत.

हातमाइकबद्दल माझं मत इतरांपेक्षा वेगळं आहे. शाखांना तो सगळ्यात आधी हवा असतो, मी तो सगळ्यात शेवटी घेईन. घ्यायचाच तर बाहेरून सेल घालता येतील असा घ्या. चार्जिंगवाले मॉडेल दुपारी बारालाच मरतात आणि मैदानात प्लग नसतो. आवाज किती मोठा यापेक्षा शब्द कळतात का ते तपासा. दुकानदाराला रस्त्याच्या पलीकडे उभं करून एखाद्या बाईचं नाव पुकारा आणि त्याला विचारा काय ऐकलं. आम्ही घेतलेल्या दोघांपैकी एकात नुसता गोंगाट होता. आणि त्याच्यावर एक लाल बटण असतं, दाबलं की सायरन वाजतो. त्या बटणावर आम्ही पहिल्याच दिवशी जाड चिकटपट्टी लावली. गर्दीत सायरन वाजला की लोक विचारत नाहीत, पळतात.

हे मी उगाच भीती घालायला लिहीत नाही. २३ नोव्हेंबर १९९४ला नागपुरात गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली. त्यात बाया आणि लहान मुलंच जास्त होती. झिरो माइलपाशी त्यांचं स्मारक आहे. हिवाळी अधिवेशनाला नागपूरला गेलो की मी नव्या मुलींना तिथे नेते, कारण आपण चालतो ते रस्ते तेच आहेत. यशवंत स्टेडियमपासून मोर्चा निघतो आणि पोलीस त्याला विधानभवनाच्या अलीकडे, टेकडी रोडला किंवा मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला अडवतात. पुढचे थांबलेले असतात, मागचे येतच असतात, आणि मधल्यांना कळत नाही. अशा वेळी पुढे रेटायचं नाही. हात छातीपुढे आडवे धरून श्वासापुरती जागा ठेवायची, आणि गर्दीच्या उलट न जाता तिरकं तिरकं कडेला सरकायचं. सुटलेली चप्पल, पडलेला मोबाइल, काहीही उचलायला वाकायचं नाही. मागे पट्टा असलेल्या सँडलचा आग्रह मी यासाठीही धरते. साडीचा पदर खोचून पिन लावावी, निऱ्या घोट्याच्या वर ठेवाव्यात. पंजाबी ड्रेस चालत असेल तर उत्तमच, फक्त ओढणी गळ्याभोवती गुंडाळू नये, आडवी गाठ मारून कमरेला बांधावी. लहान पोरांना नागपूरला आणू नये. दूध पितं बाळ असेल तर त्याच्या आईने मोर्चाबरोबर चालू नये, मुक्कामाच्या ठिकाणी थांबावं. तिथेही कामं भरपूर असतात.

नागपूरला डिसेंबरात दिवसा ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी. मुक्काम शाळेच्या किंवा मंगल कार्यालयाच्या फरशीवर असतो. घोंगडी किंवा जाड सोलापुरी चादर न्या. फुगवायच्या उशा आम्ही घेतल्या होत्या, पैसे वाया गेले.

बॅनर कापडाचाच. फ्लेक्स स्वस्त पडतो, एका रात्रीत छापून मिळतो, पण घडीवर चिरतो, कड्या निघतात, आणि वारा शिरला की धरणाऱ्या दोघी ओढल्या जातात. आमचा कापडी बॅनर पेंटरकडून रंगवून घेतलेला आहे. तालुक्याचं नाव ठळक, मागण्या मोजक्या, तारीख नाही. तारीख नसल्यामुळे तो प्रत्येक मोर्चाला चालतो. धुवून, इस्त्री करून ठेवला की नवा. झेंड्याच्या दांड्याची काळजी घ्या. पोलीस अधिनियमाच्या कलम ३७चा मनाई आदेश असला की काठ्या बाळगायला बंदी असते, आणि जाड बांबू दिसला की गेटवरच काढून घेतात, वर वाद होतो तो वेगळा. पाऊण इंची प्लॅस्टिकच्या पाइपचे हातभर तुकडे कापून घ्या. हलके, आणि चुकून कुणाला लागले तरी इजा नाही. आमचे आजपर्यंत कुणी अडवलेले नाहीत.

पिशवी पाठीवरची नको, गर्दीत मागे कोण हात घालतं कळत नाही. आडवी, चेनची, पोटावर येणारी. तिच्यात दिवसाच्या नव्हे तर दोन दिवसांच्या गोळ्या, मूळ पाकिटासह, कारण नुसती पांढरी गोळी बघून डॉक्टरला काही कळत नाही. मधुमेहवाल्यांकडे खडीसाखर. सोनं घरी. मंगळसूत्राऐवजी साधी काळी पोत घाला, दागिना गेला तर मोर्चाची आठवण तेवढीच राहते. जेवणाला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, गूळ, भाजके चणे. दशमी दुधात मळलेली असल्याने दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. भातभाजी नको, दुपारपर्यंत आंबते. मैदानाबाहेर वडापाव मिळतो, पण गर्दीच्या दिवशी भरवसा नाही.

मोबाइलची पॉवर बँक दहा जणींत एक पुरते. पण भर गर्दीत नेटवर्क जातं, व्हॉट्सअॅपचा निरोप तासाने पोचतो. म्हणून आम्ही एक कार्ड करून घेतलं, आणि वस्तूंमध्ये तंबूखालोखाल मला ते आवडतं. तळहाताएवढं, दोन्ही बाजूंनी छापलेलं, लॅमिनेट केलेलं, गळ्यात अडकवायला दोरी. झेरॉक्सवाल्याकडे बारा रुपयांना पडलं. पुढच्या बाजूला नाव, गाव, रक्तगट, आजार, घरचा नंबर, गटप्रमुख ताईचा नंबर, गाडीचा नंबर, आणि चुकामूक झाली तर कुठे जमायचं ती जागा. मागच्या बाजूला कायद्याच्या चार ओळी. ताब्यात घेतलं तर कारण विचारायचा हक्क आहे, घरी कळवायचा हक्क आहे, वकिलाला भेटायचा हक्क आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अपवाद करायचाच तर महिला पोलीस अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३मध्ये हे आहे. आपल्या बऱ्याच ताया पोलीस गाडीत बसवलं की रडायला लागतात, घरी काय सांगू म्हणून. कार्ड वाचून त्यांचा आवाज स्थिर झालेला मी पाहिला आहे. साध्या आंदोलनात ताब्यात घेऊन संध्याकाळी सोडून देतात, हेही आधीच समजावून सांगावं, आणि घरच्यांनाही सांगावं.

दहा जणींचा गट आणि एक प्रमुख, ही पद्धत वस्तूंपेक्षा महत्त्वाची आहे, पण तिला पैसे लागत नाहीत म्हणून इथे लांबवत नाही. एवढंच, की मोजणी चार वेळा होते: गाडीत बसताना, मैदानात शिरताना, शिष्टमंडळ परत आल्यावर आणि परतीच्या गाडीत. तिसऱ्या मोजणीचा आकडा आम्ही वहीत लिहून ठेवतो. सँडल, तंबू आणि स्टूल आल्यापासून पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यातलं अंतर कमी होत गेलं. मैदानात शेवटपर्यंत बसलेल्या तालुक्यांत आमचा तालुका असतो, हे मी अभिमानाने सांगते.

राहिला पावसाळा. पावसाळी अधिवेशन मुंबईत असतं आणि आझाद मैदानात चिखल होतो. छत्र्या नेऊ नका. बसलेल्या गर्दीत एक छत्री उघडली की मागच्या पाच जणींना मंच दिसत नाही आणि काडी डोळ्याला लागते. वीस रुपयांचे पातळ प्लॅस्टिकचे रेनकोट एकदा घालून फाटतात आणि आत घामाने भिजायला होतं. आम्ही घेतले ते गुडघ्यापर्यंतचे, समोरून बटणांचे, जाड नायलॉनचे, साडेतीनशेचे. साडीवर बसतात, वाळतात लवकर. शिवण आतून पट्टी लावून बंद केलेली आहे का ते बघा, नाहीतर पाणी खांद्यातून झिरपतं. रंग सगळ्यांचा एकच, पिवळा घेतला, म्हणजे आपली माणसं लांबून ओळखू येतात. आमच्याकडे चाळीस आहेत, कोनांबेच्या अंगणवाडीत कपाटात ठेवले आहेत. जवळच्या कुठल्या तालुक्याला जुलैत लागले तर पावती करून घेऊन जा, फक्त वाळवून परत द्या.